बातम्यांचा रतीब



आपल्याच वस्तीतील बारावी उत्तीर्ण झालेल्या एका मुलीची शिष्यवृत्ती गेल्या वर्षी हुकली. गुण उत्तम होते, उत्पन्नाचा दाखला तयार होता, बँकेत खाते उघडलेले होते. अर्जाची मुदत वाढविल्याची सूचनाही निघाली होती. ती वाढीव मुदतही टळून गेली, तेव्हा कुठे तिच्या वालिदांना पत्ता लागला. त्याच पंधरवड्यात त्यांच्या मोबाईलवर हजारावर निरोप येऊन पडले होते. त्यांत जुम्म्याच्या शुभेच्छा होत्या, कुणाच्या इंतकालाची खबर होती, अर्धवट कापलेली तकरीर होती, मधुमेहावरचा रामबाण इलाज होता. जी एक सूचना हवी होती ती तेवढी नव्हती. ती एका संकेतस्थळाच्या कोपऱ्यात तारखेनिशी व्यवस्थित लावलेली होती. तिथे रोज जाऊन पाहावे हे त्यांना कुणी सांगितले नव्हते, आणि सांगितले असते तरी पहाटे चारला बेकरीवर जाणाऱ्या माणसाने रोज दहा ठिकाणी डोकावून यावे ही अपेक्षाच मुळी चुकीची आहे.

आज ज्या गोष्टीची हकीकत मी आपल्यापुढे ठेवणार आहे, ती नेमकी याच अडचणीवर पंचवीसएक वर्षांपूर्वी काढलेली तोड होय. तिला 'फीड' म्हणतात. मी स्वतः तिला 'रतीब' म्हणतो. गवळी कोणता, दूध किती, हे आपण ठरवतो. मग तो रोज दारात येतो, आणि नको झाले की आपण रतीब बंद करतो. जाता जाता सांगतो, हा अस्सल मराठी वाटणारा शब्द मूळचा अरबी आहे. 'रातिब' म्हणजे नेमलेले, ठरलेले. अरब लोक पगारालाही रातिब म्हणतात. आपण तो दुधाला लावला.

हवी ती खबर हव्या त्या ठिकाणाहून नेमाने मागवणे, ही कल्पना संगणकाने जन्माला घातलेली नाही. मोगल अमदानीत सुभ्यासुभ्यांतून वाकियानवीस नेमलेले असत. दरबारातील दिवसभराच्या घडामोडी 'अखबारात' म्हणून लिहिल्या जात आणि रजपूत राजांचे वकील त्या आपापल्या धन्याकडे रवाना करीत. जयपूरच्या दफ्तरातील असे कागद आजही इतिहासकारांच्या कामी येतात. पेशव्यांचे दिल्लीतील वकील हिंगणे यांच्या दफ्तरातही उत्तरेकडील खबरांची पत्रे आहेत. कोणत्या दरबारी आपला माणूस ठेवायचा हे खबर वाचणारा ठरवी आणि त्याचा खर्चही तोच सोशी. पुढे छापील वर्तमानपत्र आले तेव्हा खर्च कमी झाला. पण निवड संपादकाच्या हाती गेली. तो देईल ते आपण वाचू लागलो.

मग वेब आले. टिम बर्नर्स-ली या इंग्रज संशोधकाने जिनिव्हाजवळच्या 'सर्न' या प्रयोगशाळेत १९८९ साली त्याचा आराखडा मांडला आणि ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने हे तंत्र सर्वांसाठी विनामूल्य खुले केले. आता कुणीही लिहावे आणि कुणीही वाचावे, अशी सोय झाली. पण यात एक मेख होती. वर्तमानपत्र आपल्या दारात येते. संकेतस्थळ मात्र आपल्या जागी बसून राहते. त्याच्याकडे आपण जायचे. तिथे नवे काही आहे की नाही, हे गेल्याशिवाय कळत नाही. आवडीची स्थळे चार असतील तर ठीक. चाळीस झाली की माणूस थकतो आणि नाद सोडतो.

यावर पहिला मोठा प्रयत्न झाला तो बड्या भांडवलाचा. १९९६ मध्ये अमेरिकेत 'पॉइंटकास्ट' नावाची सेवा निघाली. संगणक रिकामा असला की पडद्यावर आपोआप बातम्या, हवामान, शेअरचे भाव झळकत. लोक हरखून गेले. १९९७ साली रूपर्ट मरडॉक यांच्या न्यूज कॉर्पोरेशनने या कंपनीसाठी ४५ कोटी डॉलर देऊ केल्याचे त्या वेळी छापून आले होते. व्यवहार फिसकटला, आणि १९९९ मध्ये तीच कंपनी सुमारे ७० लाख डॉलरना विकली गेली. कारण साधे होते. त्या काळच्या तारांवर हा भार पेलेना; कचेऱ्यांतली जाळी तुंबू लागली, तेव्हा व्यवस्थापकांनी ती सेवाच बंद करून टाकली. शिवाय बातमी कुणाची दाखवायची हे कंपनीच ठरवी. गवळी तिचा, म्हैसही तिची.

खरा मार्ग निघाला तो याहून कितीतरी साध्या विचारातून, आणि त्यात आपल्या देशातील एका माणसाचा हात आहे. रामनाथन गुहा हे मद्रासच्या आय.आय.टी.चे पदवीधर. पुढे अमेरिकेत स्टॅनफर्डला त्यांनी डॉक्टरेट केली. ॲपल कंपनीत असताना त्यांनी संकेतस्थळांत काय आहे याचे वर्णन यंत्राला समजेल अशा रीतीने लिहिण्याची एक पद्धत बसवली, आणि नंतर ते नेटस्केप कंपनीत गेले. नेटस्केपचे 'माय नेटस्केप' नावाचे एक पान होते. वाचकाने आपल्या आवडीचे रकाने त्यावर मांडून घ्यायचे. मार्च १९९९ मध्ये गुहा आणि त्यांचे सहकारी डॅन लिबी यांनी या पानासाठी एक नमुना ठरवून दिला. संकेतस्थळाच्या मालकाने आपल्या ताज्या मजकुराची एक छोटी यादी त्या नमुन्यात लिहून आपल्याच जागी ठेवायची. नेटस्केपचे यंत्र ती येऊन वाचील आणि मथळे त्या पानावर लावील. आपल्या जमातखान्याबाहेर फळा असतो ना, त्यावर येणाऱ्या कार्यक्रमांच्या चार ओळी असतात, तसलाच हा प्रकार. फरक एवढाच की फळा माणसाने वाचायचा, आणि ही यादी यंत्राने.

या नमुन्याला नाव मिळाले 'आर.एस.एस.'. ही तीन अक्षरे पाहून आपल्यापैकी पुष्कळांच्या भुवया वर जातील, म्हणून आधीच सांगतो की आपल्या देशात ती ज्या संघटनेची म्हणून ओळखली जातात तिच्याशी याचा सुतराम संबंध नाही. अक्षरांचा योगायोग आहे, इतकेच. त्यांचा अर्थदेखील बदलत गेला. आधी 'आरडीएफ साइट समरी', मग काही महिन्यांनी 'रिच साइट समरी', आणि अखेर 'रिअली सिंपल सिंडिकेशन', म्हणजे अगदी सोपे वितरण. या लेखात मी 'फीड' हाच शब्द वापरीन.

ही यादी म्हणजे असते तरी काय? 'एक्सएमएल' नावाच्या लेखनपद्धतीत लिहिलेली ती साधी अक्षरांची फाइल असते. तीत प्रत्येक मजकुराचे शीर्षक, त्याचा मूळ पत्ता, प्रसिद्धीची तारीख-वेळ आणि थोडा सारांश. कधी संपूर्ण लेखही. आपल्याकडे एक वाचन-प्रोग्राम असतो. आपण दिलेल्या पत्त्यांवर तो ठरावीक वेळाने जातो आणि विचारतो, 'मागच्या खेपेनंतर काही नवे आहे का?' नसेल तर समोरचे यंत्र ३०४ हा एक आकडा परत पाठवते. त्याचा अर्थ, काही बदल नाही, आल्या पावली परत जा. असेल तर नवी यादी मिळते, आणि जे नवे तेवढेच आपल्यापुढे, तारखेच्या क्रमाने, मांडले जाते. यात आपले नाव द्यावे लागत नाही, मोबाईल नंबर द्यावा लागत नाही. रतीब बंद करायचा तर कुणाची परवानगी नको. यादीतून पत्ता खोडला की झाले.

इतके सोपे असूनही या नमुन्यावरून जे रणकंदन माजले, ते शिक्षण संस्थेच्या कार्यकारिणीत ज्यांनी एखादे वर्ष काढले आहे त्यांना मुळीच अपरिचित वाटणार नाही. नेटस्केप कंपनी एओएलच्या ताब्यात गेली आणि नव्या धन्याला यात रस उरला नाही. २००१ मध्ये त्यांनी ही सोय काढूनच टाकली. पोरके झालेले हे मूल आमचे, असे म्हणणारे दोन पक्ष तोवर उभे राहिले होते. एका बाजूला डेव्ह वाइनर. हे गृहस्थ १९९७ पासून आपल्या संकेतस्थळासाठी असाच एक नमुना वापरीत होते आणि त्यांचा आग्रह एकच, सोपे ठेवा. दुसऱ्या बाजूच्या मंडळींचे म्हणणे, गुहांची मूळ कल्पना मोठी होती, ती पूर्णपणे अंमलात आणा. डिसेंबर २००० मध्ये दोन्ही पक्षांनी आपापला नमुना जाहीर केला; एकाने स्वतःला ०.९२ म्हणवले तर दुसऱ्याने १.०. सप्टेंबर २००२ मध्ये वाइनर यांनी २.० काढून बाजी मारली. जुलै २००३ मध्ये त्यांनी तो नमुना हार्वर्ड विद्यापीठाच्या बर्कमन केंद्राच्या स्वाधीन केला, म्हणजे मालकीचा वाद मिटावा. तरीही ज्यांचे समाधान झाले नाही त्यांनी 'ॲटम' नावाचा तिसराच नमुना घडवला आणि डिसेंबर २००५ मध्ये तो इंटरनेटच्या प्रमाण दस्तऐवजांत दाखल झाला. आजचे वाचन-प्रोग्राम बिचारे हे सगळे प्रकार मुकाट्याने वाचतात, त्यामुळे आपल्याला या भांडणाची झळ लागत नाही.

विद्यार्थीमित्रांनो, या भांडणातील एका व्यक्तीकडे मात्र मी आपले लक्ष वेधू इच्छितो. १.० हा नमुना तयार करणाऱ्या गटात शिकागोजवळ राहणारा ॲरन स्वार्ट्झ नावाचा एक सभासद होता. सारा कारभार ई-मेलने चाले. त्याचे मुद्दे नेमके असत, चुका तो बरोबर दाखवी. तो अवघ्या १४ वर्षांचा आहे, हे मागाहून कळले तेव्हा बाकीचे थक्क झाले. तिथे कुणी त्याचा शाळेचा दाखला मागितला नव्हता. त्याने लिहिलेले पाहिले होते. पुढे ज्ञान सर्वांना खुले असावे यासाठी तो झगडला. विद्वत्तापूर्ण नियतकालिकांतील लेख मोठ्या संख्येने उतरवून घेतल्याबद्दल त्याच्यावर अमेरिकी सरकारने खटला भरला, आणि तो खटला उभा असतानाच ११ जानेवारी २०१३ रोजी, वयाच्या २६ व्या वर्षी, त्याने आपले जीवन संपवले. ही गोष्ट लिहिताना हात जड होतो. पण फीडचा इतिहास सांगायचा आणि हे नाव गाळायचे, हे मला पटत नाही.

२००२ पासून पुढची काही वर्षे या रतिबाची भरभराटीची. न्यूयॉर्क टाइम्ससारख्या वृत्तपत्रांनी आपली फीड सुरू केली. फायरफॉक्स या ब्राउझरने फीडसाठी नारिंगी चौकोनात पांढऱ्या कमानींचे एक चिन्ह काढले होते; डिसेंबर २००५ मध्ये मायक्रोसॉफ्टने तेच स्वीकारायचे ठरवले. दोन प्रतिस्पर्ध्यांनी एकच चिन्ह वापरावे, ही त्या धंद्यातली दुर्मीळ गोष्ट. वाइनर यांनी यादीत आवाजाची फाइल जोडण्याचीही सोय केली होती. तिचा उपयोग २००४ साली जोमाने होऊ लागला आणि 'पॉडकास्ट' जन्माला आले. हा शब्द बेन हॅमर्सली यांनी त्याच वर्षी फेब्रुवारीत लंडनच्या गार्डियनमधील लेखात प्रथम वापरला. आज आपली मुले कानात बोंड घालून जे पॉडकास्ट ऐकतात, त्यातील बहुतेक याच जुन्या फाइलीवरून येतात, हे त्यांच्या गावीही नसते.

७ ऑक्टोबर २००५ रोजी गूगलने 'गूगल रीडर' हा वाचन-प्रोग्राम काढला. फुकट, जलद आणि नीटनेटका. साहजिकच लाखो वाचकांनी आपला सारा रतीब तिथे नेऊन लावला. इराणमधली हकीकत तर ऐकण्यासारखी आहे. तिथे पुष्कळ संकेतस्थळांवर सरकारची बंदी असे. पण त्यांचा मजकूर फीडमधून गूगलच्या पानावर दिसे, आणि ते पान बंद करायचे तर सगळे गूगलच बंद करावे लागले असते. तरुण मुले या प्रोग्रामला लाडाने 'गूडर' म्हणत, त्यावर वाचत, एकमेकांना लेख दाखवत, वाद घालत. २०११ मध्ये गूगलने त्यातील एकमेकांना लेख दाखवण्याची सोय काढून घेतली तेव्हा या मुलांनी फार हळहळ व्यक्त केली. पुढे १३ मार्च २०१३ रोजी गूगलने सारी सेवाच बंद करण्याचे जाहीर केले. निषेधाच्या अर्जावर एक लाखाहून अधिक सह्या झाल्या. 'फीडली' या दुसऱ्या सेवेकडे ४८ तासांत पाच लाख वाचक आल्याचे त्या कंपनीने सांगितले. १ जुलै २०१३ रोजी गूगल रीडर बंद झाले. सगळ्यांनी एकाच गवळ्याकडे जाण्याचा हा परिणाम. दूध मात्र आटले नव्हते. संकेतस्थळांच्या याद्या होत्या तिथेच होत्या.

इकडे 'फीड' हा शब्दच मधल्या मध्ये पळवला गेला होता. सप्टेंबर २००६ मध्ये फेसबुकने 'न्यूज फीड' सुरू केले. नाव तेच, पण रीत उलटी. त्यात काय वर येईल आणि काय खाली जाईल हे कंपनीचे यंत्र ठरवते, आणि आपण पडद्याशी अधिकाधिक वेळ खिळून राहावे हा त्याचा हिशेब असतो. २०१३ मध्ये ट्विटरने आपली फीड बंद केली. डिसेंबर २०१८ मध्ये खुद्द फायरफॉक्सनेही ती सोय काढली. साध्या यादीत जाहिरात कुठे चिकटवणार? कंपन्यांना ती परवडेना, आणि वाचकाला सवय लागली ती आयते पुढे येईल ते वाचण्याची.

ही सवय कुठवर नेऊ शकते, हे महाराष्ट्राने पाहिले आहे. १ जुलै २०१८ रोजी, गूगल रीडर बंद झाल्याला बरोबर पाच वर्षे झाली त्याच तारखेस (हा निव्वळ योगायोग), धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे भिक्षा मागत फिरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठार मारले. मुले पळवणारी टोळी फिरते आहे, अशी अफवा मोबाईलवरून पसरली होती. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक निरोप एका वेळी पाचच ठिकाणी पुढे धाडता येईल असे बंधन घालण्याचे जाहीर केले. ते बंधन फिरणाऱ्या निरोपाचा वेग कमी करते. निरोप मुळात कुणी लिहिला हे काही सांगत नाही. आपल्याकडे हदीसच्या अभ्यासात मजकुराइतकीच सनद महत्त्वाची मानली आहे. रावी कोण, त्याने कुणाकडून ऐकले, हे पाहिल्यावाचून मुहद्दिसीन पुढे जात नसत. पुढे ढकललेल्या निरोपाला सनदच नसते. फीडमधील प्रत्येक नोंदीला मूळ पत्ता आणि तारीख असते.

मात्र फीडमधून आले म्हणजे खरे, असे कुणी समजू नये. खोटे बोलणाऱ्याच्या संकेतस्थळालाही फीड असते. दुसरा धोका आपलाच आहे. यादी आपण करायची म्हटल्यावर आपल्या मनासारखे बोलणारेच आपण निवडतो. माझ्या स्वतःच्या यादीत अशी दोन नियतकालिके आहेत की ज्यांचे अग्रलेख वाचून माझे डोके तापते. ती मी मुद्दाम ठेवली आहेत.

आता हे करायचे कसे, ते थोडक्यात. फीडली आणि इनोरीडर या सेवा मोबाईलवर चालतात आणि थोडक्या याद्यांसाठी पैसे पडत नाहीत. संगणकावर थंडरबर्ड हा ई-मेलचा विनामूल्य प्रोग्रामही फीड वाचतो. बहुधा संकेतस्थळाचा नेहमीचा पत्ता दिला की प्रोग्राम यादी आपण होऊन शोधतो. जगातील दर पाच संकेतस्थळांपैकी सुमारे दोन 'वर्डप्रेस'वर चालतात आणि त्यांची फीड आपोआप तयार होते; मालकालाही पुष्कळदा ते ठाऊक नसते. तसे दिसले नाही तर पत्त्यापुढे तिरपी रेघ देऊन इंग्रजीत 'फीड' हा शब्द जोडून पाहावा. रिझर्व्ह बँक आणि केंद्र सरकारचे पत्र सूचना कार्यालय यांच्या फीड आहेत. यूट्यूबच्या प्रत्येक वाहिनीलाही असते, त्यामुळे गणिताच्या शिकवणीचा नवा धडा आला की तेवढाच कळतो, बाजूची करमणूक नाही. आणखी एक गोष्ट आवर्जून करावी. आपली सगळी यादी 'ओपीएमएल' नावाच्या एका फाइलीत उतरवून घेता येते. ती वर्षातून दोनदा काढून ठेवावी. म्हणजे उद्या एखादी सेवा बंद पडली तर दुसरीकडे सारा संसार पाच मिनिटांत मांडता येतो.

ज्या मुलीची शिष्यवृत्ती हुकली, तिने यंदा आपल्या अभ्यासिकेतील संगणकावर अशी यादी करून ठेवली आहे. तीत आज ३४ पत्ते आहेत. प्रवेश, परीक्षा, नोकरभरती असे तिने त्यांचे गट पाडले आहेत. पाच सरकारी संकेतस्थळांना फीड नाही, हे तिच्या ध्यानात आले. त्यांची नावे तिने एका वहीत लिहिली आहेत. दर सोमवारी आणि गुरुवारी असरनंतर ती ती स्थळे स्वतः उघडून पाहते, आणि वहीत तारीख घालून सही करते.